मैलकुलीची वाट

आमचं उंबरमाळी मी टीव्हीवर पहिल्यांदा पाहिलं ते २०२१ साली, आणि तेही पाण्यात. २१ जुलैच्या रात्री असा काही पाऊस कोसळला की स्टेशनातलं पाणी फलाटाच्या काठाला येऊन टेकलं. रूळ दिसेनात. उंबरमाळी ते कसारा गाड्या बंद पडल्या, वर घाटात दरड आली. मी तेव्हा कल्याणला मुलाकडे होतो. सून म्हणाली, "बाबा, तुमचं गाव दाखवताहेत." मी चष्मा लावून बघत बसलो. सगळे स्टेशनबद्दल बोलत होते. माझ्या मनात मात्र एकच, आपली वाट राहिली असेल का?

ही वाट तुम्हाला ठाऊक असण्याचं कारण नाही. कसारा लोकलनं खर्डी सोडलं की उंबरमाळी येतं आणि त्यापुढं शेवटचं कसारा. फार थोडे लोक इथं उतरतात. आमचा वरचा पाडा स्टेशनापासून दूर, टेकाडावर. तिथून आग्रा रोडवर उतरणारी जी पायवाट आहे तीच ही. लांबी दोन किलोमीटरच्या आतबाहेर. पण तेवढ्यात भाताच्या खाचरांचे बांध आहेत, एक ओहळ आहे, करवंदीच्या जाळ्या आहेत, पावसात शेवाळ धरणारा कातळ आहे आणि मधे एक नाळ आहे. नाळ म्हणजे दोन्ही बाजूंनी दगड आणि मधून उभा उतार. उन्हाळ्यात तिथं पायाखालचा मुरूम घसरतो आणि पावसाळ्यात माणूस.

माझे वडील आग्रा रोडवर मैलकुली होते. हा शब्द आता ऐकू येत नाही. सरकारी रस्त्याच्या मैलामैलाला देखभालीसाठी माणसं नेमलेली असत, ते मैलकुली. हत्यारं म्हणजे कुदळ, फावडं, पहार, घमेलं आणि झुडपं तोडायला कोयता. खड्डा पडला की मुरूम-खडी टाकून धुम्मस करायचं, रस्त्याच्या कडेचं गटार उपसायचं, मोरीच्या तोंडातला पाला काढायचा, झाडांच्या बुंध्याला चुना आणि गेरू लावायचा. वरून मुकादम यायचा, त्याच्यावर साहेब. बाबांना लिहिता येत नव्हतं, पण आपल्या मैलातली प्रत्येक मोरी कुठं बसते आणि कुठून फुटते ते त्यांना पाठ होतं. ते म्हणायचे, "रस्ता गाडीनं मोडत नाय. पान्यानं मोडतो. गाडी निस्ती नावाला."

रस्त्याची ही विद्या त्यांनी पाड्याच्या वाटेलाही लावली होती. अक्षय्य तृतीया झाली की मृग लागायच्या आत दोन दिवस वाटेचं काम निघे. घरटी एक माणूस. त्याला श्रमदान वगैरे म्हणतात हे मला शाळेत गेल्यावर कळलं, आम्ही नुसतं "वाटेवर जायचंय" म्हणायचो. पुरुष खणायचे, बाया घमेली वाहायच्या, आम्ही पोरं दगड गोळा करायचो. दुपारी नाचणीची भाकरी, सुकटीची चटणी आणि कांदा.

काम कसं करायचे ते सांगतो, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर आहे. उतारावर वाटेला आडवे चर मारायचे. पण अगदी आडवे नाहीत. चर काटकोनात मारला तर पाणी त्यात साचतं, गाळ भरतो आणि पुढच्या पावसात पाणी वरून उडी मारून जातं. म्हणून तो तिरपा हवा, आणि त्याचं तोंड दरीच्या अंगाला मोकळं. चराच्या खालच्या काठाला दगड उभा पुरायचा, अर्ध्याहून जास्त मातीत. नुसता ठेवलेला दगड पहिल्या पावसात निघून जातो. उतार जसा कडक तसे चर जवळजवळ, नाळेत तर दहा-बारा पावलांवर एक. आणि सपाट भागात वाट दरीकडं किंचित कलती ठेवायची, म्हणजे पाणी वाटेवरून चालत न येता आडवं निघून जातं. आमच्याकडं पाऊस अडीच-तीन हजार मिलिमीटर. एवढ्या पाण्याला अडवणं शक्य नसतं. त्याला लवकर लवकर, थोडं थोडं करून वाटेवरून उतरवून द्यायचं असतं.

१९७५ साली बाबांनी जुनी अ‍ॅटलस सायकल घेतली. काळी, जड, पुढं दांडी, मागं कॅरियर. आधीच्या मालकानं हँडलला लाल गोंडे बांधले होते, ते तसेच होते. बाबा कामावरून आले की सायकल माझ्या ताब्यात. मी तेव्हा चौदा वर्षांचा. पाड्यातल्या अजून दोघांकडं भावांच्या सायकली होत्या. आम्ही तिघं वाटेनं खाली सुटायचो. पाड्याच्या चिंचेपासून आग्रा रोडच्या मैलाच्या दगडापर्यंत, आधी पोचेल तो जिंकला. चढताना सायकल ढकलायची किंवा खांद्यावर घ्यायची. उतरताना बसायचं आणि देवाचं नाव घ्यायचं. त्या सायकलींचे ब्रेक म्हणजे लोखंडी सळयांना लावलेली रबरं, रिमला पाणी लागलं की धरायचीच नाहीत. मग आम्ही चपलेचा तळ मागच्या चाकावर दाबायचो. चाक जाम व्हायचं आणि सायकल घसरत जायची. त्यात खरी मजा होती. चिखलात लांबच लांब रेघ उठायची. ज्याची रेघ मोठी तो मोठा.

१९७६ चा सगळा श्रावण आम्ही नाळेत रेघा मारल्या. ओल्या मातीत जाम झालेलं चाक नांगरासारखं चालतं. महिनाभरात उताराच्या मधोमध एक सरळ चरी पडली. चार बोटं खोल, मग वीतभर. ती तीन चरांचे काठ मोडून खाली गेली. बाबांनी एकदा हटकलं होतं, "तिथं चाक घासू नका." आम्ही हो म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा घासलं. वाहत्या पाण्याला सरळ रस्ता मिळाला की ते दुसरीकडं कशाला जाईल? भादव्यात तीन दिवस झड लागली. तिसऱ्या दिवशी त्या चरीत माझा पाय गुडघ्यापर्यंत जात होता.

चौथ्या दिवशी काकू अडली. माझ्या धाकट्या चुलत्याची बायको, पहिलं बाळंतपण. सुईणीनं हात टेकले, खाली न्या म्हणाली. बांबूला गोधडी बांधून झोळी केली. पुढं दोन, मागं दोन अशी चार माणसं, एक कंदील धरणारा. कंदील माझ्याकडं होता. नाळेत पुढच्या माणसाचा पाय चरीत गेला. तो पडला, बांबू सुटला, झोळी दगडावर आपटली. काकू ओरडली नाही, नुसता एक आवाज आला. पुन्हा उचललं, रोडवर आणलं, ट्रक थांबवला, तालुक्याच्या गावी नेलं. काकू वाचली. बाळ राहिलं नाही. डॉक्टरांनी उशीर झाला होता असं सांगितलं. पडल्यामुळं की उशिरामुळं हे कोणी विचारलं नाही. मीही नाही विचारलं.

बाबा मला मारतील असं वाटलं होतं. त्यांनी हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे कुदळ माझ्या हातात दिली आणि नाळेत नेलं. मी चरीत माती भरायला लागलो तर म्हणाले, "माती नको. आधी पानी काढ. माती टाकशील तर उद्या तीबी जाईल." आधी वरचा चर मोकळा केला, मग खालचा, मग त्याखालचा. पाणी बाजूला गेल्यावर चरीत दगड ठोकून बसवले आणि सगळ्यात शेवटी मुरूम. आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत बाबा माझ्याशी कामापुरतंच बोलले.

पुढं मी शिकलो, मास्तर झालो, आणि घाट-वाटांचं जुनं काही मिळालं की वाचायची सवय लागली. आमच्या डोक्यावरचा थळ घाट म्हणजेच कसारा घाट. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची गाडी १८६१ च्या १ जानेवारीला कसाऱ्यापर्यंत आली. तिथून इगतपुरीला चढायला आणखी चार वर्षं लागली, १ जानेवारी १८६५. चढ किती, तर सदतीस फूट पुढं गेल्यावर एक फूट वर. माणसाला हा चढ कळणारही नाही, गाडीला मात्र अजून मागून ढकलायला जादा इंजिनं लावतात. बोगदे आणि पूल सगळ्यांना दिसतात. डोंगराच्या अंगाला काढलेली गटारं, मोऱ्या आणि पावसाळ्यात रात्री बत्ती घेऊन रुळांवर गस्त घालणारे गँगमन दिसत नाहीत. पण दीडशे वर्षं घाट उभा आहे तो त्यांच्या जिवावर.

शहापूरला लागून मुरबाड तालुका आणि त्याच्या टोकाला नाणेघाट. एका सुट्टीत एसटीनं वैशाखऱ्यापर्यंत जाऊन मी तो चढलो. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांवरून जुन्नर-पैठणकडं माल जायची ही दोन हजार वर्षांपूर्वीची वाट. वर गुहेत सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लेख आहे. केलेले यज्ञ आणि दक्षिणेत दिलेल्या गायी, घोडे, कार्षापणं यांचा त्यात आकड्यांनिशी हिशेब आहे. घाटमाथ्यावर दगडी रांजण आहे, जकातीची नाणी त्यात टाकत असं लोक सांगतात. सगळे त्या रांजणाचा फोटो काढतात. मी खाली बघत होतो. चढणीवर बसवलेले दगड, झिजलेल्या पायऱ्या, आणि कुठं कुठं पाण्याला दिलेली वळणं. जकात घ्यायची तर बैल वर चढला पाहिजे, बैल चढायचा तर वाट धड पाहिजे. लमाणांचे तांडे मीठ वर न्यायचे आणि धान्य खाली आणायचे ते अशाच वाटांनी. घाटपांडे हे आडनावसुद्धा घाटाच्या कारभारातून आलेलं. म्हणजे वाटेची राखण हे एके काळी मानाचं, वतनाचं काम होतं. आमच्या बाबांपर्यंत येता येता ते मैलकुलीचं झालं.

१९७२ च्या दुष्काळानंतर रोजगार हमी आली. वि. स. पागे यांच्या डोक्यातून निघालेली ही योजना. कायदा १९७७ चा आणि अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. आमच्या भागातही तिच्यातून रस्त्यांची, बांधबंदिस्तीची कामं निघाली. पाड्यातल्या लोकांनी खडी फोडली, मुरूम टाकला. पण हमीचं काम नवा रस्ता करण्याचं असायचं. केलेला रस्ता दरवर्षी राखायला हजेरीपटावर कोण येणार, याचं उत्तर मला कुठं दिसलं नाही. पुढं मैलकुली निवृत्त होत गेले आणि त्यांच्या जागा भरल्या गेल्या नाहीत. आग्रा रोड चौपदरी झाला, टोल लागला. आता तर त्याच्याही पलीकडून समृद्धी गेला. शेवटचा इगतपुरी ते आमणे हा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला. पावणेआठ किलोमीटरच्या बोगद्यातून गाडी काही मिनिटांत घाट उतरते. सायकलला त्यावर मज्जाव आहे.

पाड्यालाही रस्ता आला. दुसऱ्या अंगानं, लांबून वळसा घालून. वनखात्याची जमीन, ग्रामसभेचे ठराव, परवानग्या, यात बरीच वर्षं गेली. शेवटी डांबर पडलं तेव्हा आम्ही पेढे वाटले. पण कंत्राटदारानं मोऱ्या घातल्या त्या पाणी जिथून येतं तिथं नाही, त्याला सोयीच्या होत्या तिथं. दुसऱ्या पावसाळ्यात एक वळण ओहळात गेलं. अजूनही मोठा पाऊस झाला की चार-आठ दिवस तो रस्ता बंद असतो आणि पाड्याला जुनी पायवाट लागते. गंमत अशी की रस्ता झाल्यापासून वाटेवर कोणी काम करेनासं झालं. पोरांकडं मोटरसायकली, वाटेनं चालतो कोण? चर बुजले, कारवी आत आली. २०२१ च्या त्या पावसानंतर मी गावी गेलो तर नाळ ओळखू येत नव्हती. आमची १९७६ ची चरी जिथं होती, नेमकी तिथंच घळ पडली होती. पाणी पंचेचाळीस वर्षं विसरलं नव्हतं.

त्यानंतरच्या हिवाळ्यात पुतण्याचा फोन आला. पुतण्या म्हणजे काकूचा नातू. काकूला पुढं दोन मुलगे झाले, त्यातल्या थोरल्याचा हा मुलगा. मुंबई-नाशिकच्या लोकांना डोंगरात फिरवायचं काम करतो. म्हणाला, "काका, सायकलवाले आलेत. आपल्या वाटेनं उतरायचं म्हणतात."

मी गेलो. सात-आठ जण होते, दोन मुली. जाड दातांची चाकं, पुढं-मागं स्प्रिंगा आणि बोटाच्या एका दाबानं चाक धरणारे डिस्क ब्रेक. एकेका सायकलची किंमत ऐकून पाड्यातल्या म्हाताऱ्यांनी बैलजोडीशी हिशेब लावला. आपल्याकडं हा खेळ आता बरा रुजलाय. संगमनेरच्या प्रणिता सोमण हिनं माउंटन बाइकच्या राष्ट्रीय स्पर्धांत पदकं मिळवली आहेत. १९९६ पासून तो ऑलिंपिकमध्येही आहे. हा खेळ सुरू कुठं झाला असं मी विचारलं. त्यांच्यातल्या एका मुलीनं सांगितलं ते मी नंतर पडताळूनही पाहिलं. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मरिन परगण्यात काही तरुण जुन्या, जड सायकली डोंगरावर नेऊन कच्च्या वाटेनं खाली सोडायचे. उतारावर मागच्या चाकाचा ब्रेक इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर निघायचा. खाली पोचल्यावर तो खोलून पुन्हा ग्रीस भरावं लागायचं. पुन्हा भरणं म्हणजे रिपॅक, म्हणून त्या शर्यतीचं नावच रिपॅक पडलं. पहिली शर्यत २१ ऑक्टोबर १९७६.

साल ऐकून मी गप्प झालो. मुलीला वाटलं मला कळलं नाही. तिनं पुन्हा सांगितलं.

तिच्याकडून आणखी एक कळलं. पुढं तिकडंही चाकांनी वाटा खणल्या गेल्या, चालणारे लोक चिडले, काही वाटा सायकलींना बंद झाल्या. तेव्हा १९८८ मध्ये सायकलवाल्यांनी संघटना केली आणि वाटा बांधायचे, राखायचे नियम बसवले. वाटेचा चढ डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून जास्त नको, नाहीतर पाणी वाटेवरून धावतं. सरासरी शंभराला दहाच्या आत ठेवा. वाट दरीकडं किंचित कलती ठेवा. मधे मधे वाटेला बारीक उलटा चढ द्या, म्हणजे पाणी तिथं बाहेर पडेल. ओल्या वाटेवर चाक जाम करू नका, आणि वाट ओली असेल तर जाऊच नका. मी ऐकत होतो आणि मला बाबांचा आवाज ऐकू येत होता. निम्म्याचा नियम तेवढा बाबांना माहीत नव्हता. आमची नाळ त्या हिशेबात कुठंच बसत नाही, ती सरळ खाली जाते. म्हणूनच तिला दहा पावलांवर चर लागतो.

पाड्याची बैठक भरली. कोणी म्हणालं, माणशी पैसे घ्या. कोणी म्हणालं, नकोच, पुन्हा वाट खणतील. काकू भिंतीला टेकून बसली होती. सत्तरी गाठलेली, कानानं कमी ऐकते. काय चाललंय ते नातवानं तिला मोठ्यानं सांगितलं. ती म्हणाली, "येऊ दे की. पर चर मोडू नका म्हनावं." माझ्याकडं तिनं पाहिलं नाही. किंवा पाहिलं असेल, मी खाली बघत होतो.

मग असं ठरलं. दिवाळी ते होळी सायकली येतील. पावसाळ्यात आणि पाऊस गेल्यावर माती वाळेपर्यंत एकही चाक नाही. नाळेत उतरून सायकल हातात धरायची. आणि अक्षय्य तृतीयेनंतरचे दोन दिवस ज्यांना सायकल चालवायचीय त्यांनी पाड्याबरोबर वाटेवर काम करायचं. पहिल्या वर्षी पाच जण आले. शहरातल्या पोरांचे हात, दुपारपर्यंत फोड आले. एकानं चर काटकोनात मारला. मी त्याला पाण्याची बादली आणून वरून ओतून दाखवली. पाणी चरात क्षणभर थांबलं आणि काठावरून खाली गेलं. "अरे, खरंच की!" म्हणाला, आणि पुन्हा खणायला लागला. ते पाच आले म्हणून पाड्यातली चार पोरंही आली. त्यांना लाज वाटली असावी. लाजेनं का होईना, आली. नाळेतली घळ भरायला दोन उन्हाळे लागले. एक अवघड वळण आम्ही सोडून दिलं आणि वाट कडेनं, जरा लांबून नेली.

आता माझ्याच्यानं पहार उचलत नाही. पण मृगाच्या सुमाराला मी दरवर्षी गावी असतो. पहिला जोराचा पाऊस सुरू झाला की बाबा घोंगडी डोक्यावर घेऊन, कुदळ खांद्यावर टाकून बाहेर पडायचे. आई चिडायची, पाऊस थांबू दे म्हणायची. पण पाऊस थांबल्यावर पाणी कुठून गेलं ते दिसत नाही, ते पडत असतानाच बघावं लागतं. यंदाही गेलो. छत्री घेतली, पुतण्याला कुदळ घ्यायला लावली. वरून तिसरा चर गळत होता, काठाचा एक दगड सैल झाला होता. पुतण्यानं तो काढून खोल पुरला, टाचेनं दाबला. पाणी गढूळ झालं, घुटमळलं आणि मग दरीच्या अंगाला वळलं.

"झालं?" त्यानं विचारलं.

"चौथा बघ," मी म्हटलं.